शूकाका आणि कुरकुरणारा बाक

माझ्या धाकट्या दिरांना सगळी गल्ली शूकाका म्हणते. मुलांनी ठेवलेलं नाव, पण आता दूधवालाही त्याच नावाने हाक मारतो. कारण अगदी साधं आहे. जेवता जेवता ते मध्येच हात वर करतात, ओठांवर बोट ठेवून "शूऽऽ" म्हणतात, आणि आम्ही सगळ्यांनी हातातला घास हातातच धरून थांबायचं. मग ते म्हणणार, "ऐका. फ्रिज आज वेगळ्या सुरात बोलतोय." दुरुस्तीवाला यायचा, मागून उघडून बघायचा, आणि एखादा स्क्रू खरोखरच सैल निघायचा. कधी निघायचाही नाही. तेव्हा माझी जाऊ म्हणायची, "फ्रिज धडधाकट आहे हो ताई. कुणाचा स्क्रू सैल आहे ते मला लग्नापासून माहीत आहे."

मी त्यांना भाऊजी म्हणते. आमचे हे गेल्यापासून खालच्या मजल्यावर मी, वरच्या मजल्यावर ती दोघं, पण जेवणाचं टेबल एकच. त्यामुळे भाऊजींच्या नोकरीतल्या गोष्टी मला ताज्या ताज्या कळत आल्या आहेत. रोज डायरी लिहायची मला शाळेपासूनची खोड. शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, दिवसातलं एक तरी वाक्य देवाला दाखवण्यासारखं असू दे. भाऊजी घरात असताना मला वाक्यांची कधी वानवा पडली नाही.

भाऊजी टीव्ही केंद्रात ध्वनिमुद्रक आहेत. दर रविवारी सकाळी केंद्रावरून उपासनेचा कार्यक्रम लागतो, त्याचा आवाज त्यांच्या ताब्यात. कधी मशिदीतली नमाज, कधी चर्चमधलं समूहगान, कधी देवळातलं भजन, कधी सिनेगॉगमधलं वाचन, कधी विहारातलं पठण. अधूनमधून एखाद्या पंथावरचा माहितीपटही असतो. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी हा कार्यक्रम आहे, असं सुरुवातीलाच सांगतात. अंथरुणाला खिळलेली माणसं, तान्ह्या बाळाच्या आया, रात्रपाळी करून आलेल्या नर्सबाया असे लोक तो बघतात.

या नोकरीला दोन गोष्टी लागतात, कान आणि पिशवी. पिशवीत डोकं झाकायला रुमाल, गोल टोपी, चामडं चालत नाही तिथे लावायचा कापडी पट्टा, दाराच्या बिजागऱ्यांसाठी तेलाची कुपी, आणि मोजे. बऱ्याच ठिकाणी पादत्राणं बाहेर ठेवावी लागतात, म्हणून मोज्यांचं खातं माझ्या जावेकडे. "देवाच्या दारात फाटके मोजे घालून गेलात तर नाव माझं जाईल," असं ती दर शनिवारी बजावते आणि नवे मोजे पिशवीत घालते. आणि दर रविवारी भाऊजी ते काढून ठेवून जुने, अंगठ्याला भोक पडलेले घालून जातात. त्यांचं म्हणणं, नवे मोजे फरशीवर घासले की आवाज करतात, आणि हा जोड जगातला सर्वांत शांत जोड आहे.

एकदा एकाच दिवशी दोन ठिकाणची कामं होती. पहिल्या जागी डोकं झाकायचं, दुसऱ्या जागी टोपी काढून आत जायचं. भाऊजींनी नेमकं उलट केलं. चर्चच्या दारात पाद्रीबाबा उभे होते. ते टोपीकडे बघून म्हणाले, "असू द्या, असू द्या. देवाला तुमचं डोकं आता ओळखीचं झालंय." दुसऱ्या एका ठिकाणी प्रवचनकारांचं उपाशी पोट इतकं गुरगुरत होतं, की त्यागावरच्या प्रत्येक वाक्यानंतर पोटाचीही एक टिप्पणी यायची. भाऊजींनी केंद्रात बसून ती एकेक गुरगुर वेचून काढली, तांदळातले खडे वेचावेत तशी. प्रवचनकारांना कार्यक्रम फार आवडला. त्यांना कारण अजून माहीत नाही.

सगळीकडचे लोक त्यांना आपलंच मानतात. "आमच्या पोरांपेक्षा तुम्ही जास्त वेळा येता," असं त्यांना एकाहून जास्त धर्मांत ऐकवलं गेलंय. पण भाऊजी कुठेही बसत मात्र नाहीत. सगळ्यांच्या मागे, नाहीतर बाहेरच्या बोळात, कानाला हेडफोन लावून उभे. मी एकदा विचारलं होतं, "भाऊजी, इतक्या ठिकाणी जाता. एखाद्या ठिकाणी तरी हात जोडावेसे वाटत असतील की."

"वहिनी, मी हात जोडले तर बटण कोण धरणार? सगळे देवाकडे बघतात तेव्हा मी सुईकडे बघत असतो."

सुई म्हणजे त्यांच्या यंत्रावरची. आवाज किती येतोय ते दाखवणारी.

आमच्या गल्लीच्या टोकाला मौनघर आहे. बाहेरून एखाद्या शाळेचा वर्ग वाटावा अशी लांब खोली, लाकडी बाक, भिंतीवर लंबकाचं घड्याळ, मागे हात धुवायचं बेसिन. मूर्ती नाही, वेदी नाही, ग्रंथ नाही, बोलणारं कुणी नाही. रविवारी सकाळी तिथली मंडळी येतात, बाकांवर बसतात आणि गप्प राहतात. हीच त्यांची प्रार्थना. मग उठून एकमेकांचे हात हातात घेतात आणि घरी जातात.

या मौनघराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे, त्या किल्लीआजी. माझंही वय आता आजीचंच आहे, पण गल्लीत आजी एकच. ऐंशी ओलांडलेल्या, अंगाने चिमणीएवढ्या आणि आवाज तोफेसारखा. "आठवडाभर बोलून घेते म्हणून रविवारी गप्प बसता येतं," असं त्या सांगायच्या. कुलूप त्या उघडणार, बाक त्या पुसणार, घड्याळाला किल्ली त्या देणार आणि मग खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसणार. तो बाक जरा हललं तरी कुरकुरायचा, म्हणून दुसरं कुणी त्यावर बसत नसे. आजी बसायच्या आणि हलायच्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण पलंग काही सुटला नाही. पुतण्याच्या घरात, वरच्या मजल्यावर, खिडकीशी पलंग. मी दुपारी जाऊन बसायची. एके दिवशी भाऊजीही आले.

"काय रे," आजींनी सुरुवातच केली, "साऱ्या जगाचे देव टीव्हीत दाखवतोस. आमच्याच घराने काय घोडं मारलं तुझं?"

"आजी, तुमच्याकडे ऐकायला काही असतं का? मी टिपायचं काय?"

"मग तुला काम कमी. पगार तेवढाच मिळेल ना?"

आम्ही हसलो. आजी नाही हसल्या. उशी सारखी करत म्हणाल्या, "रविवारी ती सगळी तिथे बसतात ना, तेव्हा मी इथे बसते. पण एकट्याने गप्प बसणं म्हणजे नुसतं तोंड मिटणं. सगळ्यांबरोबर गप्प बसणं निराळं असतं रे. मला एकदा त्यांच्याबरोबर बसायचंय."

भाऊजींनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. मग म्हणाले, "थेट दाखवायचं. तिकडे त्यांनी डोळे मिटले की इकडे त्याच क्षणाला तुम्हाला दिसेल."

"तसंच हवं. डबाबंद मौन मला नको."

"तुमच्या खोलीत मौनाशिवाय दुसरं काही आलं, तर शूकाका हे नाव टाकून देईन."

"बघ हं. मोठा शब्द दिलास."

कार्यक्रमाच्या निर्मात्या, ज्यांना केंद्रात सगळे मॅडम म्हणतात, त्यांनी हे ऐकून चष्मा काढून डोळे पुसले, इतक्या हसल्या. "अहो, लोक टीव्ही बिघडला म्हणून ठोकत बसतील!" पण भाऊजींनी आख्ख्या नोकरीत त्यांच्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. त्या हो म्हणाल्या. मौनघराचं कामकाज बघणारे गृहस्थ म्हणजे निवृत्त झालेले दाताचे डॉक्टर. "आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावलं, आता मिटायला लावतो," हा त्यांचा ठरलेला विनोद. इतकी वर्षं त्यांनी कॅमेरा दारातूनच परत पाठवला होता. आजींसाठी तेही तयार झाले. एका अटीवर. निवेदन नको, संगीत नको, पडद्यावर पळणारी अक्षरं नकोत. "आमच्या मौनात बाहेरचं काही मिसळायचं नाही."

भाऊजींना आभाळ ठेंगणं झालं. त्यांच्या आयुष्यात असं काम कधी आलंच नव्हतं. पूर्ण शांतता, आणि तीही त्यांच्या हातची! आठवडाभर ते मौनघरात मुक्कामाला असल्यासारखे होते. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. बाकांच्या पायांना खालून जाड कापड चिकटवलं. घड्याळाचा लंबक धरून थांबवला. बेसिनचा नळ गळत होता, त्याखाली घडी घालून फडकं ठेवलं. खिडक्या बंद. मंडळींना सांगून ठेवलं, खरखरीत कोट नको, बांगड्या नकोत, खोकला येत असेल त्यांनी गोळी चघळा. घरी येऊन आम्हांला सांगायचे, "वहिनी, काचेसारखं होणार आहे. आरपार."

जाऊ म्हणाली, "चला, एकदाचा यांना मनासारखा संसार मिळाला. कुणी बोलतच नाही!"

त्या रविवारी मी आणि जाऊ आजींच्या खोलीत होतो. आजींनी केस विंचरून घेतले होते, रविवारची शाल खांद्यावर होती. तकिये लावून आम्ही त्यांना बसतं केलं. टीव्ही लागला. मौनघराची खोली दिसली, डॉक्टर दिसले, ओळखीचे चेहरे दिसले. आजींनी हात मांडीवर ठेवले. पडद्यावर सगळ्यांनी डोळे मिटले. आवाज म्हणाल तर शून्य. खरंच काच.

आणि एकाएकी मौनघर गायब. त्या जागी फुलांचा एक गुच्छ, खाली 'थोडी प्रतीक्षा करा', आणि खोली दणाणून टाकणारं तुतारी-ढोलाचं गाणं! लग्नाच्या वरातीत शोभावं असं.

जाऊने रिमोट उचलला, घाबरून उलटाच धरला. तेवढ्यात मौनघर परत आलं. सगळे तसेच डोळे मिटून. बिचाऱ्यांना काय कल्पना! आम्ही सुटकेचा श्वास टाकतोय तोवर पुन्हा गुच्छ, पुन्हा तुतारी. मग मौनघर. मग गुच्छ. एकदा तर डॉक्टरांचा शांत चेहरा आणि ढोल अगदी एकावर एक आले, आणि जाऊला हसू फुटलं. तिने पदर तोंडात कोंबला. मलाही हसू येत होतं, खोटं कशाला बोलू. मग मी आजींकडे बघितलं. त्यांनी शाल काढून बाजूला ठेवली होती आणि भिंतीकडे तोंड केलं होतं.

"बंद कर गं ते," त्या म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

झालं होतं असं. केंद्रात एक यंत्र आहे. बाहेरून येणारा आवाज जरा वेळ बंद पडला की त्याला वाटतं तार तुटली, आणि लोक ताटकळू नयेत म्हणून ते आपण होऊन गुच्छ आणि गाणं लावतं; जरा खुट्ट ऐकू आलं की पुन्हा कार्यक्रमावर येतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, कारण इतक्या वर्षांत आवाज नसलेला कार्यक्रम झालाच नव्हता. दुसऱ्या कुणी ते मौन टिपलं असतं तर थोडीफार खुडबुड राहिली असती आणि यंत्र फसलं नसतं. भाऊजींनी ते इतकं निर्मळ टिपलं, की यंत्राला तिथे कुणी आहे असं वाटेना.

त्या दिवशी ते जेवायला आले. फ्रिज घुरघुरत होता, त्यांनी मान वर केली नाही. जाऊने मुद्दाम एक पातेलं जमिनीवर आपटलं. आम्ही दोघी त्यांच्या बोटाकडे बघत राहिलो. बोट ओठांवर गेलं नाही.

"ताई," जाऊ मला स्वयंपाकघरात म्हणाली, "यांनी शू केलं नाही. मला भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना ओढत आजींकडे नेलं. ते पलंगाशी उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसेनात.

"आजी, मी शब्द मोडला."

"तुतारीचं म्हणतोस? ती वाजली ते बरंच झालं," आजी म्हणाल्या. तोफ परत आली होती. "निदान जिवंत माणसांनी वाजवलेली तरी होती. त्याच्या आधी तू काय लावलं होतंस रे?"

"मौन, आजी. तुमचं मौन."

"आमचं? आमचं घड्याळ कुठे होतं? नळ कुठे होता? डॉक्टर डोळे मिटले की नाकातून शीळ घालतो, सगळ्या मौनघराला ठाऊक आहे, ती कुठे गेली? मला वाटलं माझे कानच गेले. चित्रात माणसं बसलीत आणि खोलीत कुणीच नाही! मी बसू कुणाबरोबर?"

भाऊजी खुर्चीवर बसले.  मग एकदम त्यांनी विचारलं, "शीळ? कुठल्या नाकपुडीतून?"

"मी काय वाकून बघितलंय?"

तेव्हा ते हसले, आणि मला बरं वाटलं.

पण दुसरी संधी कुठून येणार? केंद्रात फोनांचा पाऊस पडला होता. टीव्ही बिघडला का, असं निम्म्यांनी विचारलं. एका बाईंनी तुतारीच्या गाण्याचं नाव विचारलं. केंद्राचे मोठे साहेब तापले होते. भाऊजी रोज मॅडमच्या खोलीबाहेर जाऊन उभे राहत आणि परत येत. मग बुधवारी नशीब उघडलं. येत्या रविवारी ज्या चर्चमधलं समूहगान व्हायचं होतं, तिथल्या सगळ्या गायकांना एकमेकांची सर्दी लागली. मॅडमनी भाऊजींना आत बोलावलं. "गाणाऱ्यांचे सगळे गळे बसलेत. तुमचे ते न गाणारे मोकळे आहेत का?"

मोठ्या साहेबांनी परवानगी दिली, पण बजावून. यंत्र सगळ्या वाहिनीचं आहे, ते बंद होणार नाही. "पुन्हा तुतारी वाजली, तर मौनघराचं नाव या इमारतीत काढायचं नाही." डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "आमच्याकडे राग टिकत नाही. तासभर गप्प बसलं की तो कंटाळून निघून जातो. पण अट तीच. बाहेरचं काही मिसळायचं नाही."

भाऊजींनी मान डोलावली. बाहेरचं काही लागणारच नव्हतं. सगळं आतच होतं, त्यांनीच ते गप्प केलं होतं.

दोन दिवस त्यांनी आपलंच काम उसवलं. बाकांखालचं कापड खरवडून काढलं. नळाखालचं फडकं काढलं. लंबकाला धक्का देऊन घड्याळ चालू केलं. एक खिडकी उघडी ठेवली. दाराचं तेल पुसून पाहिलं, पण बिजागरी काही पुन्हा कुरकुरेना, त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. माइक एक घड्याळापाशी, एक बेसिनपाशी, एक डॉक्टरांच्या बाकामागे. घरी येऊन जावेला म्हणाले, "शीळ डाव्या नाकपुडीतून आहे."

"देवा!" जाऊ म्हणाली.

रविवारी पुन्हा आम्ही तिघी. आजींनी या वेळी शाल घेतली नाही. "आधी बघू तर खरं," म्हणाल्या. टीव्ही लागला. तीच खोली, तेच चेहरे. पण घड्याळ टकटक करत होतं, आणि त्या टकटकीसरशी ती खोली जणू खरी झाली. नळाचा थेंब पडला. कुठेतरी एक बाक करकरला. कुणीतरी खोल श्वास सोडला. मग बारीक, सुरेल अशी शीळ आली. आजींनी माझ्याकडे न बघता माझं मनगट धरलं आणि दाबलं. दुसऱ्या हाताने त्यांनी शाल ओढून घेतली आणि डोळे मिटले. जाऊ आणि मीही मिटले. का ते सांगता येणार नाही, मिटावेसे वाटले. आमच्या शाळेच्या चॅपेलमध्ये मी डोळे किलकिले करून बघत असे. इथे बघावंसं वाटलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. आजींची बोटं एकदम आवळली.

"घड्याळ," त्या पुटपुटल्या.

मला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. मग आलं. टकटक सावकाश होत चालली होती. एक ठोका, मोठी फट, आणखी एक. आणि थांबली.

"किल्ली! मेल्यांनी घड्याळाला किल्ली दिली नाही!"

खरंच दिली नव्हती. डॉक्टरांना वाटलं घड्याळ आता टीव्हीवाल्यांकडे, आणि भाऊजींना वाटलं लंबक हलला म्हणजे झालं. नळाचा थेंब फार सावकाश पडायचा. डॉक्टर मौनात इतके खोल गेले होते, की शीळही थांबली होती. खोलीत आवाज असा उरलाच नाही. जाऊने माझा दुसरा हात धरला. "आता गुच्छ येणार, ताई. आता येणार."

गुच्छ आला नाही. पडद्याच्या कडेने एक माणूस आत आला. हळूहळू, चवड्यांवर, गळ्यात हेडफोन अडकवलेला.

"अगं बाई, हे!" जाऊ ओरडलीच. "आणि त्याच मोज्यांत! सगळ्या गावाला अंगठा दाखवतायत!"

भाऊजी, जे कुठल्याही धर्मात कधी बसले नव्हते, ते बाकांच्या रांगांमधून आले, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाशी थांबले आणि बसले. बाकाने असा आवाज केला, की जणू त्याला आठवडेच्या आठवडे कुणी विचारलं नव्हतं. मग ते श्वास घेत तेव्हा बाक कुरकुरे आणि सोडत तेव्हा कुरकुरे. बाहेरचं काही मिसळलं नव्हतं. मौनघरात एक माणूस येऊन बसला होता, इतकंच. थोड्या वेळाने त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग त्यांचे डोळे मिटलेले दिसले.

आजी टक लावून बघत होत्या. आपल्या जागेकडे आणि तीत बसलेल्या माणसाकडे. त्यांचे डोळे भरून आले होते, पण बोलल्या ते हेच. "हलतोय बघ. सारखा हलतोय. स्वस्थ बस म्हणावं."

"नको हो आजी," जाऊ काकुळतीला आली, "हलू द्या त्यांना!"

तुतारी वाजली नाही. शेवटी डॉक्टर उठले, सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले. पडद्यावर कुणीतरी भाऊजींचा हात धरला आणि त्याच वेळी आजींनी एका हातात माझा आणि दुसऱ्या हातात जावेचा हात धरला. त्यांच्याकडे हीच रीत.

थोड्याच वेळात भाऊजी धावत जिना चढून आले. दारातच थांबले. "आजी?"

आजींनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "घड्याळाला किल्ली शनिवारी द्यायची असते. नळ कधी दुरुस्त करणार आहात? मी पडायच्या आधीपासून गळतोय. आणि माझ्या बाकावर बसायचं तर अंग सैल सोडून बसावं, तुझ्यासारखं परीक्षेला बसल्यासारखं नव्हे."

"चुकलं, आजी."

"पुढच्या रविवारी नीट बस." आणि मग त्यांनी उशीखालून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. डॉक्टर इतके दिवस दुसऱ्या किल्लीने कुलूप उघडत होते. हा जुडगा आजींनी कुणाला दिला नव्हता. "मी येईपर्यंत हं," त्या म्हणाल्या. "कायमचा नाही."

हे झालं हिवाळा सरताना. तेव्हापासून ज्या रविवारी कार्यक्रम आधीच टिपलेला असतो, त्या रविवारी भाऊजी मौनघर उघडतात आणि त्या बाकावर बसतात. इतर ठिकाणी ते अजून मागेच उभे असतात, सुईकडे बघत. घरात शू पुन्हा सुरू झालं आहे. परवा प्रेशर कुकरची शिटी त्यांना कोमल स्वरात लागल्यासारखी वाटली, म्हणून आम्ही तिघं जेवणाआधी कुकरसमोर उभे होतो.

आणि किल्लीआजी आल्या. पुतण्याने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं, गल्लीतल्या लोकांनी दारात येऊन बघितलं. त्या तिसऱ्या बाकाशेजारी खुर्ची लावून बसतात, बाकावर भाऊजी. नळ दुरुस्त झाला आहे. आजी म्हणतात, आता चुकल्यासारखं वाटतं. खुर्चीचं डावं चाक मात्र कुरकुरतं, आणि आजी काही पूर्वीसारख्या न हलता बसू शकत नाहीत. भाऊजींच्या पिशवीत तेलाची कुपी असते. ती त्यांनी अजून बाहेर काढलेली नाही.